बॅटरी विकत घेण्याआधी

मंडळी, उसाची तोड सुरू झाली की आपल्याकडं एक वाक्य घरोघर ऐकू येतं: "सेल्फ उचलत नाही, बॅटरी गेली." सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर. मला आज या वाक्याशीच भांडायचंय. बॅटरी बिचारी बहुतेक वेळा उपाशी असते, आणि आपण तिलाच बदलत बसतो.

आमच्या घरी बी-275 ट्रॅक्टर होता. 1960च्या दशकात कांदिवलीला बनायला लागलेला तोच. इथल्या निम्म्या लोकांच्या चुलत्यांनी तो चालवलाय, ओळख करून देत नाही. दादांनी, म्हणजे वडिलांनी, एका दसऱ्याला तो रंगवून आणला. लालभडक. खंडेनवमीला आईनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. आणि आठवड्याभरात बॅटरी उतरायला लागली.

तालुक्याला एका दुकानात नेला. नवी बॅटरी घाला म्हणाले. घातली, पंधरा दिवसांत तीही बसली. मग डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, उतरवला; त्याचं आर्मेचर, म्हणजे आत फिरणारी तारांची गुंडाळी, जळालेलं निघालं. वाइंडिंग झालं, उसाच्या बिलातले पैसे गेले, ट्रॅक्टर घरी आला आणि पुन्हा तेच. दादा रात्री तो उतारावर लावून ठेवायचे. पहाटे मी आणि भाऊ ढकलायचो, दवानं चपला सटकायच्या. चूक कुणाकडूनही होते, तिचा मला राग नाही. राग याचा आहे की एवढ्या दिवसांत एकदाही कुणी व्होल्टमीटर लावून बघितलं नाही.

शेवटी गावातले वायरिंगवाले चाचा आले. ट्रॅक्टरवरच्या अँपिअर मीटरचा काटा (प्लसकडं म्हणजे बॅटरी भरतेय, मायनसकडं म्हणजे उतरतेय) शून्यावर असायचा. आम्ही धरून चाललो होतो की मीटरच खराब. चाचांनी हेडलाइट लावली, काटा मायनसकडं गेला. "मीटर जिवंत आहे," म्हणाले. मग डायनामोचं व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरच्या डब्यावरच्या 'ई' (अर्थ) टर्मिनलची वायर बोटानं चाचपत शेवटपर्यंत गेले. ती पत्र्याला बोल्टनं आवळलेली होती, पण वायसरखाली नवा लाल रंग. चाकूनं नखाएवढी जागा खरवडली, पत्रा चमकला, बोल्ट आवळला. इंजिन चालू करून रेस दिली. डब्यातून 'टक्' असा आवाज आला आणि काटा प्लसकडं सरकला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

रंगामुळं रेग्युलेटरची अर्थ, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॉडीशी असलेली विजेची जोडणी, तुटली होती. कटआउट, म्हणजे त्याच डब्यातला डायनामो बॅटरीला जोडणारा स्विच, ओढला जात नव्हता, म्हणून बॅटरीला करंट नाही. आणि डायनामोला आवरणारी कॉइलही मेलेली, म्हणून तो बेफाम व्होल्टेज काढत तापत राहिला. आर्मेचर का जळालं, हे मला पुढं आयटीआयला शिकवताना उमगलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत आणि तपासणी सांगायची राहिलीच आहे. भराभर सांगतो. इंजिन बंद, भरलेल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास हवं. इंजिन चालू करून मध्यम रेसवर 13.8 ते 14.4 दिसलं तर चार्जिंग ठीक. दोष बॅटरीत नाहीतर सेल्फमध्ये शोधा. 15च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा, तो बॅटरीचं पाणी उकळवतोय. 13च्या खाली असेल तर आधी डायनामोचा पट्टा दाबून बघा, अर्ध्या इंचाहून जास्त दबला तर ताणा. मग अर्थ. बॅटरीचं जे टर्मिनल बॉडीला जोडलंय (काही जुन्या गाड्यांत ते प्लस असतं) तिथं मीटरची एक वायर, दुसरी डायनामोच्या अंगावर. चार्जिंग चालू असताना 0.2 व्होल्टहून जास्त दिसलं की वाटेत गंज किंवा रंग आहे.

डायनामोवर शंका घ्यायची ती यानंतर. त्याच्यावरच्या डी (आउटपुट) आणि एफ (फील्ड) टर्मिनलच्या वायरी काढा, दोन्ही टर्मिनल तारेनं एकत्र जोडा, मीटर तिथून बॉडीला लावा आणि रेस अगदी हळू वाढवा. काटा 20 व्होल्टकडं चढला की थांबा, डायनामो चांगला आहे. एक-दोन व्होल्टवर अडला तर कार्बन आणि ते ज्यावर घासतात तो कम्युटेटर उघडून बघा.

डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवलेल्यांनी एवढं पाळा: चालत्या इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासू नका, त्यातले डायोड उडतात.

बाहेर सरपंचांचा जुना ट्रॅक्टर उभा आहे, मीटर माझ्या पिशवीत आहे. चहा तिथंच घेऊ.