गोदीच्या वहीत नाव

(दृश्य: वरून इंदिरा गोदी. दरवाजे उघडतात, जहाज आत सरकतं.)

मुंबईची इंदिरा गोदी. १९१४ साली सुरू झाली तेव्हा हिचं नाव होतं अलेक्झांड्रा डॉक. बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी हलत नाही, कारण मधे हे दरवाजे आहेत. जहाज आत घ्यायचं तर आधी पाण्याची पातळी जुळवायची, भरतीची वेळ साधायची.

गोदीतलं काम असं समुद्राच्या वेळापत्रकावर चालतं. जहाज लागलं की एकाच वेळी शेकडो माणसं हवीत. माल उतरला की त्यातल्या कुणाचीच गरज नाही. उद्या जहाज येईल, परवा येईल, किंवा आठवडाभर येणार नाही. या मधल्या रिकाम्या दिवसांत कामगाराच्या घरची चूल कुणी पेटवायची? बंदरात माल आणणाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं कामगारावरच सोडून दिला होता.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. पाठीवर गोणी, हातात लोखंडी हूक, फळीवरून चढणारी रांग.)

ही माणसं घाटावरून आली, कोकणातून आली, उत्तरेतून आली. धक्क्यावर माल हलवणारे कामगार टोळीवाले पुरवायचे. जहाजाच्या पोटात उतरणारे कामगार स्टिव्हडोर कंपन्यांसाठी, म्हणजे जहाजात माल चढवण्या-उतरवण्याचं काम घेणाऱ्या कंपन्यांसाठी राबायचे. दोन्हीकडे कामगार आणि काम यांच्या मधे एक माणूस उभा असायचा, आणि आज कुणाला घ्यायचं ते तोच ठरवायचा. सकाळी गेटवर गर्दी. बोट दाखवलं तो आत, बाकीचे परत. मजुरीही त्याच्याच हातून मिळायची, म्हणजे त्याचा वाटा कापून. गावाकडचा माणूस, ओळखीचा माणूस, त्याच्याकडून उसने पैसे घेतलेला माणूस, असा क्रम लागायचा. अंगातली ताकद आणि हातातलं कसब त्यानंतर.

१९३१ साली ब्रिटिश सरकारच्या शाही कामगार आयोगानं, म्हणजे व्हिटली आयोगानं, अहवालात सांगितलं की गोदीतल्या या हंगामी भरतीला शिस्त लावा, कामगारांची नोंद करा. अहवाल छापला गेला. गेटवरची गर्दी तशीच राहिली.

(दृश्य: १९४४ च्या स्फोटाची चित्रफीत. धुराचा लोट, कोसळलेल्या वखारी.)

१४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि दारूगोळाही होता. दोन स्फोट झाले. आग विझवताना मेलेल्या ६६ जवानांची आठवण म्हणून देशभर हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या दिवशी गोदीत किती कामगार गेले? मृतांचे आकडे आजही वेगवेगळे सांगितले जातात. ज्याचं नाव कुठल्याच पटावर नाही, त्याची मोजणी व्हायची तरी कशी?

(दृश्य: कायद्याच्या छापील प्रतीचं पहिलं पान.)

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९४८ मध्ये, गोदी कामगार रोजगार नियमन कायदा झाला. ब्रिटननं आदल्याच वर्षी आपल्या बंदरांत अशी योजना आणली होती. आपला कायदा लहानसा आहे. त्यानं सरकारला बंदरागणिक योजना आखण्याचा अधिकार दिला. १९५१ मध्ये मुंबईची योजना आली आणि त्यातून उभं राहिलं बॉम्बे डॉक लेबर बोर्ड. कलकत्त्याची योजनाही त्याच वर्षीची. पुढं मद्रास, आणि गोवा मुक्त झाल्यावर १९६५ मध्ये मुरगाव.

(दृश्य: निवृत्त कामगाराचे हात. प्लास्टिकच्या पिशवीतून तो जुनं हजेरी कार्ड काढतो.)

हे कार्ड नीट बघा. सगळी योजना या पुठ्ठ्यात आहे.

बोर्डावर तीन बाजू सारख्या संख्येनं बसायच्या: सरकार, गोदीतले मालक आणि कामगार. कामगारांची नोंदवही बोर्डाच्या ताब्यात. वहीचे दोन भाग. काही कामगार एकाच मालकाकडे महिन्यावर, त्यांची मासिक नोंद. बाकीचे सगळे राखीव फळीत, आणि त्यांचा मालक रोज बदलणारा. कंपनीला माणसं हवीत तर तिनं बोर्डाकडे मागणी नोंदवायची. बोर्ड पाळीनं टोळ्या पाठवणार. आज ज्याचा नंबर लागला तो उद्या मागे, मागचा पुढे. मुकादमाचं बोट इथं संपलं.

मजुरी कंपनीनं थेट द्यायची नाही. ती बोर्डाकडे भरायची, वर ठरावीक टक्के आकारही भरायचा. बोर्ड कामगाराला पगार देणार. त्या आकारातून रिकाम्या दिवसांची सोय व्हायची. हजर राहिलात आणि काम मिळालं नाही, तर हजेरी भत्ता. कामावर नेमलं आणि पावसानं म्हणा, आणखी कशानं म्हणा, काम सुरूच झालं नाही, तरी पैसे. महिन्याला किमान काही दिवसांची मजुरी बांधलेली. जहाज उशिरा येण्याचा भार पहिल्यांदाच जहाजवाल्यांच्या हिशेबात गेला.

वही दोन्हीकडून बांधणारी होती, हेही सांगायला हवं. हजर राहणं सक्तीचं. नेमलेलं काम नाकारलं तर हमी गेली. शिस्त मोडली तर निलंबन. तरीही कामगारांनी ही वही जिवापाड जपली, कारण वहीतून नाव काढायला कारण द्यावं लागायचं.

(दृश्य: पी. डिमेलो मार्ग. ट्रक, रस्त्याच्या नावाची पाटी.)

हे सगळं कायद्याच्या कागदावरून आपोआप गेटपर्यंत चालत आलेलं नाही. गोदीला लागून जाणारा हा रस्ता पूर्वी फ्रेअर रोड होता. आता तो पी. डिमेलो यांच्या नावानं आहे. ते ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियनचे नेते. जॉर्ज फर्नांडिस मुंबईत आले तेव्हा त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १९५८ मध्ये डिमेलो गेले. पुढं एस. आर. कुलकर्णी यांनी ही संघटना देशभरातल्या बंदरांच्या पातळीवर नेली.

(दृश्य: वाशीचा घाऊक बाजार. डोक्यावर पोती, मापाडी, तोलकाटा.)

गोदीची ही वही बंदराबाहेरही पोचली. बाजारातला हमालही रोज वेगळ्या व्यापाऱ्याचं ओझं उचलतो, त्याचाही मालक ठरलेला नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ मध्ये महाराष्ट्राचा माथाडी कायदा आला. त्याची रचना ओळखीची वाटेल: तीन बाजूंचं मंडळ, नोंदणी, मजुरी मंडळामार्फत, वर आकारणी. वाशीतल्या या माणसाचा भविष्य निर्वाह निधी गोदीतल्या त्या पुठ्ठ्याच्या कार्डाचा वारस आहे.

(दृश्य: बुजवलेली प्रिन्सेस गोदी. मोकळं पटांगण.)

मग कंटेनर आले, माणसं कमी लागू लागली. १९९४ मध्ये मुंबईचं बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं आणि १९९७ च्या कायद्यानं मोठ्या बंदरांना १९४८ च्या कायद्यातून बाहेर पडायची वाट मोकळी केली. १८८० ची प्रिन्सेस गोदी आणि १८८८ ची व्हिक्टोरिया गोदी भर टाकून बुजवल्या गेल्या.

(दृश्य: न्हावा शेवा. क्रेन, कंटेनरचे मनोरे. जहाजाच्या डेकवर लॅशिंगच्या लोखंडी सळ्या सोडवणारे कामगार.)

खाडीपलीकडे १९८९ पासून न्हावा शेवा. डोंगराएवढ्या या पेट्या क्रेन उचलते. पण त्या एकमेकींना बांधणाऱ्या सळ्या आजही माणूसच सोडवतो, भर समुद्री वाऱ्यात, उंचावर. देशातल्या खाजगी टर्मिनलांवर असं बरंचसं काम ठेकेदारांमार्फत होतं. ठेका बदलला की हजेरीपट बदलतो. जहाज उशिरा आलं तर त्या दिवसाचं काय, हे पुन्हा ठेकेदार ठरवतो.

या कामगारांची टर्मिनलनिहाय नोंद व्हावी, ती ठेकेदाराऐवजी तीन बाजूंच्या मंडळाकडे असावी, आणि रिकाम्या पाळीचे पैसे टर्मिनलच्या आकारणीतून यावेत. १९५१ मध्ये याच शहरात हे करून दाखवलेलं आहे, आणि तेव्हा सगळा हिशेब हातानं लिहिला जात होता.