चोर, पाटी आणि घड्याळ

पडद्यावर दिसणारी ही पिवळी पडलेली चित्रे माझी आहेत, आणि आज ती पाहताना सर्वांत आधी डोळ्यांत भरतो तो त्यांच्याखालचा मजकूर. नोकरी सांभाळून मी व्यंगचित्रे काढू लागलो तेव्हा विनोद म्हणजे संवाद अशी माझी पक्की समजूत होती. त्यामुळे दोन माणसे समोरासमोर उभी करायची, एकाचे तोंड उघडे ठेवायचे आणि खाली चार ओळींचा किस्सा लिहायचा, एवढेच माझे व्यंगचित्र असे. चित्र हाताने झाकले तरी विनोद तसाच कळे. दिवाळी अंकांकडे चित्रे पाठवताना मी परतीचे तिकीट लावलेले पाकीट न विसरता जोडत असे, आणि तेही ‘साभार परत’च्या चिठ्ठीसह तितक्याच इमानाने घरी येई.

हा चोर पाहा. लक्ष्मी रस्त्यावरील एका बंद दुकानापुढे तो भर दुपारी उभा आहे, दारावर ‘१ ते ४ बंद’ अशी पाटी आहे, आणि त्याला आता चार वाजेपर्यंत थांबावे लागेल, हे एक वाटसरू त्याला सविस्तर समजावून सांगत आहे. पुणेकर वाचकाला ती पाटी उलगडून सांगावी लागते, असे मला का वाटले असावे, देव जाणे.

वास्तविक उत्तम नमुने समोरच होते. शि. द. फडणीस यांच्या एका गाजलेल्या मुखपृष्ठावर तरुणाच्या बुशशर्टवर मांजरे आणि तरुणीच्या साडीवर उंदीर आहेत. तिथे शब्दांना कामच उरत नाही. मजकूर असणे हा काही दोष नव्हे. आर. के. लक्ष्मण यांच्या चित्रांत पुढारी बोलत राहतात, पण गंमत उमटते ती मुक्या ‘कॉमन मॅन’च्या चेहऱ्यावर. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे, आणि तोही अर्थातच काही बोलत नाही.

पुढे मी चोराचे चित्र नव्याने काढले. आधी वाटसरू गेला, मग संवाद गेला. पाटी मात्र राहिली, कारण तिच्याशिवाय चोराला थांबण्याचे कारणच उरत नाही. आता तो हत्यारांची पिशवी शेजारी ठेवून दुकानाच्या पायरीवर बसला आहे आणि मनगटावरच्या घड्याळात पाहत आहे. हे चित्र एका दिवाळी अंकाने स्वीकारले. छापताना संपादकांनी खाली स्वतःची एक ओळ मात्र घातलीच.