शुक्राची कोर

नमस्कार श्रोतेहो. सूर्य मावळला की पश्चिमेला शुक्राची चांदणी कशी लखलखतेय, पाहिलीत ना? या दिवसांत ती सर्वांत तेजस्वी असते. आणि नेमक्या याच दिवसांत दुर्बिणीतून शुक्र भरलेला दिसत नाही, त्याची कोर दिसते. पुन्हा सांगतो, तेज सर्वांत जास्त आणि उजळलेला भाग जेमतेम पाव.

मागे अशाच एका संध्याकाळी आम्ही रंकाळ्याच्या काठावर दुर्बीण लावली होती. शेजारी एक आजी कणसं भाजत होत्या. गर्दी ओसरल्यावर त्या आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "आरं लेकरा, ह्यो तर चंद्र!" मी काही बोलायच्या आत त्यांनी मान वर करून सगळं आभाळ न्याहाळलं. "पर आज आवस हाय. मग चंद्र आला कुठनं?" पुन्हा डोळा लावला. बराच वेळ हलल्या नाहीत. मग विचारलं, "एवढी लख्ख चांदणी, मग भरल्याली का न्हाई?"

श्रोतेहो, हाच तो प्रश्न! मी त्यांच्याकडूनच एक कणीस घेतलं. शेगडी म्हणजे सूर्य, कणीस म्हणजे शुक्र. शेगडीपलीकडे धरलं की उजेडाची सगळी बाजू आपल्याकडे, पण कणीस लांब. अलीकडे आणलं की मोठं दिसतं, उजेड मात्र कडेलाच. आजींनी ते माझ्या हातातून घेतलं, स्वतः शेगडीभोवती फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हंजी जवळ आलाय म्हून लखलखतोय."

अगदी तेच. पलीकडे असताना शुक्र सुमारे २६ कोटी किलोमीटरवर, आता साधारण साडेसहा कोटींवर. गॅलिलिओने १६१० मध्ये शुक्राच्या कला पाहिल्या आणि तो सूर्याभोवती फिरतो हे ओळखलं.

कितीतरी शाळांत दुर्बीण कपाटात कुलपात असते. ती पोरांच्या हातात द्या हो! ओरखडा पडला तर पडू दे.

सूर्य पूर्ण मावळल्यावरच दुर्बीण तिकडे वळवा. पूर्ण मावळल्यावरच. पण काळोखाची वाटही बघू नका, काळ्या आभाळात शुक्र डोळे दिपवतो आणि कोर नीट दिसत नाही. चाळीस-पन्नास पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे.

पुढच्या आठवड्यांत कोर बारीक होत जाईल आणि आकाराने वाढत जाईल. मग शुक्राचा अस्त. थोड्याच दिवसांनी तो पहाटे पूर्वेला उगवेल, तेव्हा कोरीची दुसरी बाजू उजळलेली असेल. तीही बघा.