उद्या विकायला गेलो तर

नमस्कार मंडळी. जेवणं झाली असतील, नसतील तर आवाज जरा वाढवा आणि पोळ्या लाटता लाटता ऐका. आजचा विषय आहे फेअर व्हॅल्यू, म्हणजे कंपनीकडे जे शेअर, बाँड, गुंतवणुका असतात आणि डोक्यावर जी देणी असतात, त्यांची आजची रास्त किंमत कशी काढतात. नाव ऐकून स्टेशन बदलू नका, कारण हे मला पुस्तकानं शिकवलंच नाही, आमच्या घरच्या वाटणीनं शिकवलं.

साल 1996. आजोबा जाऊन वर्ष झालेलं. सांगलीच्या घरी माजघरात थोरले काका, बाबा आणि आत्या बसलेले, आणि मी नुकताच एका सीएकडे आर्टिकलशिपला लागलेलो, म्हणजे दिवसभर व्हाउचरांवर टिका मारायच्या, पण तेवढ्यावर मला घरचा हिशोबनीस केलेलं. बाय द वे, वाटणीच्या दिवशी घरात स्वयंपाक करू नये असं माझं पक्कं मत आहे, सरळ खानावळीतून डबा आणावा, कारण त्या दिवशी आमटीत मीठ कमी पडलं तरी माणसं त्याचा अर्थ काढतात. असो.

जमीन आणि दागिने मिटले होते. उरली होती आजोबांची पत्र्याची ट्रंक, आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि कागदी शेअर सर्टिफिकेटांचा गठ्ठा. काका म्हणाले, "अण्णांनी हे चाळीसला घेतलेत, चाळीस धरा." आत्या पोस्टात काउंटरला होती, व्याजाचं गणित तिच्या बोटांवर असायचं. ती म्हणाली, "दादा, कितीला घेतले ते राहू दे. उद्या विकायला गेलो तर हातात किती येतील ते सांग."

मंडळी, फेअर व्हॅल्यूची व्याख्या हीच. कितीला घेतलं ते नाही, आज रीतसर विकलं तर किती येतील. रीतसर हा शब्द महत्त्वाचा, दारात सावकार उभा आहे म्हणून घाईत फुंकून टाकलेल्याचा भाव धरत नाहीत.

तर पहिला गठ्ठा सोपा होता, पेपर उघडला, भाव बघितला, शेअरांच्या संख्येनं गुणलं, संपलं. बाबा म्हणाले सगळे एकदम विकायला काढले तर भाव पडेल, थोडे कमी धर. मी धरले नाहीत, आणि पुढे कळलं की नियमही तेच सांगतो, भाव गुणिले संख्या, कापाकापी नाही. दुसऱ्या गठ्ठ्यात डिबेंचर होते, म्हणजे कंपनीनं लोकांकडून घेतलेल्या कर्जाचे कागद, त्यांचा महिनाभर सौदाच नव्हता, मग तसल्याच दुसऱ्या कंपनीचे डिबेंचर काय व्याजाच्या हिशोबानं विकले जातायत ते बघून अंदाज बांधला. आणि तिसरे होते आजोबांच्या मित्राच्या गिअर बनवणाऱ्या छोट्या कंपनीचे शेअर, बाजारात नावच नाही. त्याचा ताळेबंद बघून, पुढे काय कमावेल ते धरून मी एक आकडा सांगितला. आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "हा पेपरातला की तुझा?"

आता खरी मजा. त्याच ट्रंकेत एक चिठ्ठी निघाली. आजोबांनी मुंबईच्या मावसभावाकडून 1 लाख घेतलेले, व्याज 6 टक्के, दरवर्षी द्यायचं, मुद्दल अजून तीन वर्षांनी एकरकमी. काका म्हणाले, कर्ज जो घेईल त्याला बाकीच्यांनी लाख रुपये द्यायचे, लाखाचं कर्ज म्हणजे लाख. आत्या हसली. "लाख नको. 86 हजार द्या, कर्ज माझं."

सगळे गप्प. काकांना वाटलं हिला गणित कळलं नाही. तिनं माझ्याच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. तेव्हा ठेवीला 12 टक्के मिळत होते. 86 हजार ठेवले की वर्षानं 96 हजार 320, त्यातनं 6 हजार व्याज दिलं की उरले 90 हजार 320, असं तीन वर्षं करत गेलं की शेवटी व्याज आणि लाख मुद्दल देऊन वर 577 रुपये उरतात. "ह्याची साडी येत नाही," ती म्हणाली, "पण चहापाणी होईल."

म्हणजे देण्याची फेअर व्हॅल्यू काय, तर हे देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं तर आज त्याला किती द्यावे लागतील. पुन्हा सांगतो, फेडायचे किती ते नाही, आज दुसऱ्याला सोपवायला किती लागतील.

आता कंपन्यांकडे येतो, वेळ थोडा राहिलाय. आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना 1 एप्रिल 2016 पासून इंड एएस, म्हणजे हिशोब कसे मांडायचे त्याची भारतीय नियमावली, लागू झालं, त्यातलं 113 नंबरचं स्टँडर्ड म्हणजे आमचं माजघरच. पेपरातला भाव तो लेव्हल 1, तसल्याच मालावरून काढलेला लेव्हल 2, आणि "तुझा" तो लेव्हल 3. सगळंच काही फेअर व्हॅल्यूला धरत नाहीत हां, दुसऱ्याला दिलेलं जे कर्ज नुसतं हप्ते वसूल करायला ठेवलंय ते 109 नंबरप्रमाणे वेगळ्या हिशोबात जातं. लेव्हल 1 मध्ये रडून चालत नाही. सेन्सेक्स जानेवारी 2020 मध्ये 42 हजारांच्या वर जाऊन आला होता आणि 31 मार्चला 29 हजार 468 वर बंद झाला, करोना आहे, भाव परत वर येतील असं कितीही वाटलं तरी ताळेबंदात 31 मार्चचाच भाव. पोरं हल्ली दिवसातून तीस वेळा मोबाईलवर पोर्टफोलिओ बघतात, कंपनीलासुद्धा एवढी हौस नसते.

देण्यांची एक गंमत सांगतो. 2008 च्या पडझडीत काही परदेशी बँकांची पत घसरली, त्यांचे स्वतःचे बाँड स्वस्त झाले, म्हणजे देणं कमी झालं, म्हणून त्यांनी चक्क नफा दाखवला. आपली पत गेली म्हणून नफा! आता अशा देण्यांवरचा तो फरक साधारणपणे नफ्यातोट्याच्या बाहेर दाखवावा लागतो, आणि बरं झालं.

मी कुठलाही वार्षिक अहवाल हातात घेतला की चेअरमनचा हसरा फोटो सोडून मागच्या टिपांमध्ये जातो आणि लेव्हल 3 चा तक्ता शोधतो, तिथे काय काय गृहीत धरलंय ते लिहिलेलं असतं.

गिअरवाल्या कंपनीचे शेअर कोणी घेईना, ते आत्यानंच घेतले. अजून तिच्याकडेच आहेत. दर 31 मार्चला तिचा फोन येतो, आकडा सांग म्हणते, मी सांगतो.

"पेपरातला की तुझा?"

माझाच गं आत्या.