मुलगी होमली आहे

नमस्कार. श्रोतेहो, सकाळी फिरायला निघालो की दुकानांच्या पाट्या वाचत जायची मला खोड आहे. परवा नवी पेठेत एका खाणावळीची पाटी वाचली. वर मराठीत ‘घरगुती जेवण’ आणि खाली इंग्रजीत ‘होमली फूड’. स्पर्धा परीक्षेची मुलं डबे घेऊन रांगेत उभी होती. पाटीत चूक काही नाही. जेवणाला होमली म्हटलं तर बिघडत नाही. माणसाला म्हटलं की बिघडतं. हे वाक्य आज मी दोन-तीनदा म्हणणार आहे, कारण मला ते वेळेवर कुणी सांगितलं नाही.

तसं ‘घरगुती’ या शब्दाचं पुण्यात आपण काय करून ठेवलंय, तेही एकदा बोलायला हवं. गार हवा सोडलेल्या हॉटेलात, पितळी ताटात, वाटीभर पिठल्याचे अडीचशे रुपये घ्यायचे आणि वर घरगुती म्हणायचं! आमच्या घरी पिठलं काही नसलं की करतात. असो.

साल १९८४. मी इंग्रजी घेऊन एम.ए. करत होतो. घराण्यात इंग्रजी घेतलेला मी पहिलाच, त्यामुळे बँकेच्या अर्जापासून परदेशी पत्रापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. मामा नारायण पेठेत वाड्यात राहायचे. त्यांची मुलगी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, मी तिला ताईच म्हणतो. बी.एस्सी. झालेली, लूनावरून गावभर हिंडायची, आणि दूध उतू घालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ताईसाठी एक स्थळ आलं. मुलाचे आजोबा सदाशिव पेठेत, मुलगा मात्र अमेरिकेत क्लीव्हलंडला. आई-वडिलांबरोबर तो आठव्या वर्षीच तिकडे गेलेला. तेव्हा माहिती इंग्रजीत पाठवायला हवी. मामांनी मराठी मजकूर माझ्यापुढे ठेवला: सुस्वरूप, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष. पहिले दोन शब्द मी सहज उडवले. तिसऱ्यापाशी अडलो. गृहकृत्यदक्षला इंग्रजीत काय म्हणायचं?

मग आठवलं, रविवारच्या इंग्रजी वर्तमानपत्रात लग्नाच्या जाहिराती येतात, त्यांत प्रत्येक मुलगी ‘होमली’ असते. जाहिरातीला शब्दावर पैसे, तेव्हा एवढ्या लोकांनी पैसे मोजून घातलेला शब्द चुकीचा कसा असेल? मी ऐटीत लिहिलं, ‘व्हेरी होमली’. ‘व्हेरी’ माझ्या पदरचं. सोबत फोटो जोडला. पर्वतीच्या पायथ्याशी ताई लूनाला टेकून उभी, केस वाऱ्यावर.

महिन्याभरानं निळं एअरोग्राम आलं. मुलानं स्वतः लिहिलेलं. बाकी मजकूर सभ्य, पण मध्ये एक वाक्य: फोटोत ती मला अजिबात होमली दिसत नाही.

मी वाचून दाखवलं आणि मामा खुर्चीत टेकले. ‘लूना! मी तेव्हाच म्हणत होतो, तो लूनाचा फोटो नको म्हणून!’ मामी म्हणाल्या, ‘निदान केस तरी बांधायचे.’ ताई म्हणाली, ‘नसेन मी होमली. खरंच लिहिलंय त्यानं.’ तिचं कोण ऐकतंय!

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा कॅमेरा आणला. ताईला पाचवारी नेसवून पोळपाटाशी बसवलं, हातात लाटणं, पोळपाटावर चांगली वाटोळी पोळी. चेहऱ्यावर मात्र फाशीच्या कैद्याचा भाव. आणि सोबतचं पत्र अर्थातच मी लिहिलं. ते मला आजही तोंडपाठ आहे, कारण दर दिवाळीला ताई ते माझ्याकडून म्हणवून घेते. ‘आपला काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. मुलगी अत्यंत होमली आहे. सोबतच्या फोटोवरून आपली खात्री पटेल. तिची आईही होमली आहे. किंबहुना आमच्या घराण्यातल्या सगळ्याच स्त्रिया होमली म्हणून प्रसिद्ध आहेत.’

पत्र गेलं. पुढे एका संध्याकाळी वाड्यातल्या डॉक्टरांकडे फोन आला. आमचा तो पी.पी. नंबर, म्हणजे स्वतःचा फोन नसला की निरोपासाठी द्यायचा शेजारचा नंबर. अमेरिकेहून फोन म्हटल्यावर जिन्यावर दहा माणसं जमली. ताईनं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडचा मुलगा अडखळत मराठीत विचारतोय, ‘तुमच्या घरचे तुमच्यावर रागावले आहेत का?’

ताई म्हणाली, ‘नाही. का बरं?’

‘मग तुम्ही दिसायला बऱ्या नाही, असं ते दोनदा का लिहितात? आईबद्दलसुद्धा?’

ताईनं फोन कानाला तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मराठीत नेमकं विशेषण आहे, पण ते रेडिओवर चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधी मी दारात होतो. नोआ वेबस्टर यांनी १८२८ साली अमेरिकन इंग्रजीचा मोठा कोश काढला. त्यात या शब्दाचं मूळ घराशी आहे असं सांगून पुढे अर्थ दिलाय: नाकीडोळी साधं, देखणं नसलेलं. आणि वर शेरा आहे की हा शब्द ‘अग्ली’पेक्षा सौम्य आहे. ‘अग्ली’ म्हणजे कुरूप. बुडत्याला काडीचा आधार, तसा मी तो शेरा उतरवून मामांकडे घेऊन गेलो. म्हटलं, ‘मामा, कुरूप नाही, त्याहून सौम्य आहे.’ मामा म्हणाले, ‘म्हणजे नापास नाही, एटीकेटी.’ मामी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, कारण पत्रात त्याही होत्या.

लग्न जमलं का? नाही. मुलाला ताई पसंत होती, ताईलाही मुलाचा आवाज आवडला होता. पण पत्रिका पाहिल्या तर एकनाडी निघाली. होमलीनं मोडलं नाही ते नाडीनं मोडलं! मी पत्रिका मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. पण तेव्हा मामांपुढे बोलायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

आता उरलेल्या वेळात मुद्द्याचं. शब्द आहे होमली. स्पेलिंग एच, ओ, एम, ई, एल, वाय. शेवटी एल-वाय दिसलं की शाळेत शिकलेलं आठवतं, हे क्रियाविशेषण. इथे तसं नाही. फ्रेंडली, लव्हली, लोन्ली यांच्यासारखंच हे विशेषण. जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय रूप या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे होमली म्हणजे मुळात घरासारखं. त्यामुळे ‘ती होमली वागते’ असं या शब्दानं इंग्रजीत लिहिता येत नाही.

आणि वाचणारा कोण, ते आधी बघा. ब्रिटिश वाचणाऱ्याला होमली म्हणजे साधं, उबदार, बडेजाव नसलेलं. खोली होमली, जेवण होमली, तो खूश. अमेरिकन वाचणाऱ्याला, माणसाबद्दल असेल तर, दिसायला बेताचं. उबदार घराला तिकडे होमी म्हणतात. एच, ओ, एम, ई, वाय. मधला एल गेला की जीव वाचला. आणि गृहकृत्यदक्ष हा अर्थ आपल्याकडच्या जाहिरातींनी या शब्दाला दिला. तो इथे चालतो, विमानात बसला की चालत नाही. पुन्हा सांगतो, जेवणाला म्हणा, माणसाला म्हणू नका. मुलीला घराची आवड असेल तर होम-लव्हिंग लिहा. स्वयंपाक येत असेल तर सरळ तसं वाक्य लिहा, शब्दावर पैसे वाचवू नका. आणि मुलाबद्दलही तेच लिहा की! चाळीस वर्षांत होमली मुलाची जाहिरात काही माझ्या पाहण्यात आली नाही.

मोबाइलवर अर्थ शोधणाऱ्यांनी एवढंच करावं, पहिल्या ओळीवर थांबू नये. खाली दोन आणि तीन आकडे असतात, तेही वाचावेत. मी जाड कोश वापरतो, त्यात निदान पान उलटताना शेजारचे चार शब्द भेटतात. फोनमध्ये जाहिराती भेटतात.

ताई आता कोथरूडला असते. काल तिला फोन केला, म्हटलं, तुझी गोष्ट रेडिओवर सांगू का? म्हणाली, ‘खुशाल सांग. पण फोटोतली पोळी आईनं लाटलेली होती, तेही सांग.’