दुनळी

(दृश्य: सतरंजीवर उघडलेली रायफल, शेजारी तेलाची बाटली आणि फडकं)

हिला कुणी दुनळी बंदूक म्हटलं की आजोबा चिडायचे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. हिच्या दोन्ही नळ्यांना आतून पीळ आहे. म्हणजे रायफल. वजन पाच किलोच्या आसपास.

नळीवरचा आकडा, ४७०. यामागे इंग्रजांची धास्ती आहे. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली ४५० बोअरच्या, म्हणजे नळीचं भोक साधारण ०.४५० इंचाचं. शिकाऱ्यांचा दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडायला नको, म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी आली. मग विलायती बंदूकवाल्यांनी ४६५, ४७०, ४७५ अशी पळवाट काढली. जनावराला फरक काय पडणार होता!

चाप दोन. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डावीचा. जखमी जनावर अंगावर आलं तर दुसरा बार तयार. पण दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागायला हव्यात. त्यासाठी कारागीर नळ्यांच्या तोंडाशी पाचर बसवायचा, बार काढून बघायचा, डाख वितळवून पाचर किंचित सरकवायचा, पुन्हा बार. जमेपर्यंत हेच.

(दृश्य: चापाच्या पुढचा भाग, अगदी जवळून)

आता इथे बघा. नळ्यांचा काळा-निळा रंग शाबूत आहे, फक्त एवढ्या चार बोटांत उडालाय. पोलाद पांढरं पडलंय. चालताना रायफल इथे धरतात. गाल टेकतो तिथलं अक्रोडाचं लाकूड मात्र अजून कोरं वाटतं. म्हणजे ही झाडली कमी, वाहिली जास्त. आणि मेळघाटात ती वाहायचा आजोबांबरोबरचा कोरकू माणूस. आजोबा मागून, हात मोकळे.

१९७२ च्या कायद्यानं शिकार संपली. परवाना आता माझ्या नावावर आहे. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची, पावती जपायची. एकदा दस्त्यावर खडूनं नंबर घालून परत मिळाली. पुसायला अख्खी दुपार गेली.

एका कारागिरानं नळ्यांना नवा रंग चढवून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हणालो.

त्या कोरकू माणसाचं नाव घरात कुणालाच आठवत नाही. आत्याला विचारलं. त्याची कपबशी वेगळी असायची, म्हणाली, मागच्या पडवीच्या कोनाड्यात.