सहलीची एसटी आणि मागची सीट

नमस्कार मंडळी! डिसेंबर उजाडला की कमेंटमध्ये एकच धोशा: "दादा, सहलीच्या गाडीत कुठे बसायचं ते सांगा ना." बरं, सांगतो.

पुढे सर आणि बाई. त्यांच्या पाठीमागे ती पोरं, ज्यांच्या आया पहाटे पाचला स्वेटर घेऊन येतात आणि "बाई, जरा लक्ष ठेवा हं" म्हणतात. मध्ये जिवलग जोड्या, ज्या परतीच्या वाटेवर हमखास फुटतात. एका बाजूला मुलगे, दुसरीकडे मुली, आणि अंताक्षरीत भांडण. शेवटच्या लांब सीटवर टारगट मंडळी, पाचांच्या जागेत आठ. झालं. हे काय मी सांगायला हवं?

खरा प्रश्न वेगळाच आहे. गाडी लागणाऱ्या पोराला कुठे बसवायचं?

आमच्या वेळी एकच उत्तर होतं, "त्याला खिडकी द्या." अहो, पण कुठली खिडकी? मागची सीट मागच्या चाकांच्याही मागे असते. गाडी खड्ड्यात गेली की ड्रायव्हर हलतो वीतभर, मागचा उडतो हातभर. घाटातल्या वळणावर झोलही तिथेच जास्त. डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ, ती हलत नाही. कान मात्र आतून सांगतो की आपण हलतोय. मेंदूचा गोंधळ उडतो आणि पोटावर निघतो.

आठवीत आम्ही रत्नागिरीहून पन्हाळ्याला निघालो. माझा मित्र मागच्या सीटसाठी हटून बसला, कारण तिथे इज्जत असते. पालीला पहिला डबा उघडला, घावणे आणि चटणी. साखरप्याला दुसरा, पुरीभाजी. आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोन्ही बाहेर. खिडकी होती की! झाला का उपयोग?

आता कुणीतरी लिहिणार, "दादा, पेपरवर बसवा, काही होत नाही." दर वर्षी लिहिता! त्यालाही बसवला होता पेपरवर. वाचायला लागला ना तो, खाली वाकून! घाटात खाली बघणं म्हणजे आमंत्रणच. तीच गोष्ट आता मोबाईलची.

परतीला सरांनी त्याला उचलून पुढे आणला. शाबास. पण बसवला कुठे, तर पहिल्या खिडकीत! पुढच्या खिडकीतून जे बाहेर जातं ते मागच्या खिडकीतून आत येतं हो. घाट उतरताना एकच आरोळी, "खिडक्या लावा रे!" आणि पाच खिडक्या धडाधड बंद. एकीने लावली नाही. तिच्याशी तो दहावीपर्यंत बोलला नाही. म्हणजे ती त्याच्याशी.

म्हणून पुन्हा सांगतो, मागे नको. चाकावर नको. पुढे बसवा, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला, जिथून समोरच्या काचेतून रस्ता दिसतो. नजर लांब रस्त्यावर. हातात पिशवी, आणि पिशवीला भोक नाही हे आधी बघा. सांगायची वेळ आलीय कारण आम्ही बघितलं नव्हतं. आवळासुपारी चघळायला द्या, पोटभर पुरीभाजी नको.

"मग मागची सीट कुणाला?" असं एका ताईंनी विचारलंय. ताई, ती मागावी लागत नाही. मी सहावीत तिथे रुमाल टाकला होता, दहावीच्या पोरांनी तो खिडकीबाहेर टाकला. रुमाल आईचा होता. पुढचं विचारू नका.

आणि तो मित्र? तो आता हापूसच्या पेट्या घेऊन त्याच घाटातून कोल्हापूरला टेम्पो नेतो. स्वतः चालवताना त्याला काहीच होत नाही, पुढचं वळण आधीच ठाऊक असतं ना. बायको चालवायला बसली की मात्र अजून पिशवी लागते.